चौघांनी दुरुस्त केलेलं शटर

गॅरेजचं शटर मी अडकवलं नाही. म्हणजे, मी एकटीने अडकवलं नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या कॉलनीत या प्रकरणाच्या निरनिराळ्या आवृत्त्या फिरतायत आणि त्यातल्या एकीत मी म्हणे शटरला लटकून झोके घेत होते. मी नववीतली, वक्तृत्व स्पर्धेत दुसरी आलेली मुलगी आहे. (पहिली आलेली मुलगी ऐन वेळी आजारी पडल्यामुळे पुढच्या फेरीला मीच गेले होते, पण तो मुद्दा मी सहसा काढत नाही.) अशा मुली शटरला लटकत नाहीत. त्या शटरबद्दल बोलतात.

तर खरी हकिगत अशी.

आमच्या घरात एक पद्धत आहे. चांगलं काम करायचं आणि त्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही. ही पद्धत आजोबांनी घालून दिली. केलेलं काम बोलून दाखवलं की ते नासतं, असं त्यांचं मत. त्यामुळे आमच्याकडे गळका नळ अचानक गळायचा थांबतो, बंद घड्याळ अचानक चालू लागतं आणि हे कोणी केलं असं विचारायचं नसतं. ऐकायला छान वाटतं. पण एकदा ते घड्याळ थोडं मागे पडलं होतं, ते घरातल्या प्रत्येकाने आपापल्या सवडीने गुपचूप पुढे केलं. त्या दिवशी मी शाळेत पोचले तेव्हा शिपाईकाका फाटकाचं कुलूप काढत होते. "अभ्यासाची फारच ओढ दिसतेय," म्हणाले. एवढ्यावरून आम्ही शहाणं व्हायला हवं होतं. झालो नाही.

आता शटर. आमच्या गॅरेजला लोखंडी पट्ट्यांचं, गुंडाळत वर जाणारं शटर आहे. दोन्ही बाजूंना खाचा, त्यांतून पट्ट्या सरकतात. हल्ली ते वर जाताना असा आवाज करायचं की लोखंडाची दाढ दुखतेय असं वाटावं. एरवी आम्ही सवयीने तो आवाज ऐकूनही घेतला असता, पण आई गाडी शिकत होती.

हे वाक्य मी सहज लिहिलं, पण ते सहज घडलेलं नाही. आई लायसन्सच्या टेस्टमध्ये एकदा नापास झाली होती. रिव्हर्स घेताना तिने खुणेचा खांब पाडला, आणि घाबरून पुढे घेताना दुसरा. त्यानंतर तिने किल्ली खुंटीला लावली ती लावलीच. तेव्हा मी नुकतीच वक्तृत्वात दुसरी आले होते आणि माझ्या अंगात बारा हत्तींचा आत्मविश्वास होता. तो मी घरभर वाटत सुटले होते. "आई, मी भरल्या सभागृहात बोलू शकते तर तू रिकाम्या रस्त्यावर गाडी चालवू शकत नाहीस?" असं मी तिला रोज, हातवारे करून, विचारायचे. शेवटी माझं भाषण थांबावं म्हणून असेल, पण तिने पुन्हा टेस्टची तारीख घेतली आणि रोज सकाळी सरावाला जायला लागली. गाडी बाहेर काढून रस्त्याकडे तोंड करून द्यायचं काम बाबांचं. पुढचं आईचं. म्हणजे आई ही फक्त पुढे जाणारी ड्रायव्हर होती.

आणि रोज सकाळी ते शटर बोंबलायचं. समोरचे गॅरंटीकाका गॅलरीत यायचे. काकांना कुठल्याही गोष्टीची गॅरंटी द्यायची सवय आहे. पाऊस येणार नाही याची, लिंबं रसाळ निघतील याची, सगळ्याचीच. ते वरून ओरडायचे, "निघाली का स्वारी? आज खांब शाबूत राहणार, गॅरंटी!" चेष्टाच करायचे, मनात काही नसायचं. पण आईचा चेहरा एवढासा व्हायचा. मग एक दिवस ती म्हणाली, "आज राहू दे, लोक झोपलेत." दुसऱ्या दिवशी म्हणाली, "आज अंग जड आहे." मला कळलं, हे अंग वगैरे काही नाही, हे शटर आहे.

कळलं ते चौघांनाही. त्या रविवारी दुपारी घर शांत होतं. जो तो आपापल्या खोलीत आराम करत होता, असं प्रत्येकाला वाटत होतं.

सगळ्यात आधी आजोबा उठले आणि शिलाई मशीनचं तेल शटरच्या खाचांत ओतून आले. मग बाबा उठले आणि डब्यातलं उरलेलं काळं ग्रीस बोटाने थापून आले. मग मी. मला गॅरंटीकाकांनी सांगितलं होतं की तेलाने धूळ चिकटते, खरा उपाय म्हणजे टाल्कम पावडर, गॅरंटी. मी अख्खा डबा रिकामा केला. गुलाबाच्या वासाचा होता. मला आत काहीतरी ओलं दिसलं, पण मी ते दमटपणावर ढकललं. आणि शेवटी आई. तिने मेणबत्ती घेतली आणि दोन्ही खाचा वरून खालपर्यंत घासल्या, कारण तिच्या कपाटाचा ड्रॉवर तसाच मऊ झाला होता.

तेल, ग्रीस, पावडर आणि मेण. रसायनशास्त्राच्या बाई म्हणतात, प्रयोग करताना प्रत्येक पदार्थाची नोंद ठेवा. आमच्याकडे नोंद सोडाच, एकमेकांना पत्ताही नव्हता.

सोमवारी सकाळी बाबांनी शटर उचललं. एक थेंब आवाज नाही! आम्ही चौघं तिथेच उभे होतो आणि चौघांच्याही चेहऱ्यावर तेच हसू होतं: बघा, न बोलता कसं काम करतात. शटर गुडघ्यापर्यंत आलं आणि थांबलं. बाबांनी जोर लावला. डावीकडून ते कमरेपर्यंत चढलं, उजवीकडून गुडघ्यालाच राहिलं. बाबांनी अजून जोर लावला. एक पट्टी खाचेतून सटकली, वर कुठेतरी 'टण्ण' झालं, पाठोपाठ बाबांच्या कमरेतही काहीतरी झालं आणि दोघेही जिथे होते तिथेच राहिले.

"अहो, सरळ व्हा ना," आई म्हणाली.

"मी सरळच आहे," बाबा म्हणाले. ते सरळ नव्हते. शटर ज्या कोनात अडकलं होतं त्याच कोनात बाबाही अडकले होते. पुढचे कितीतरी दिवस दोघांना शेजारी उभं करून कोन मोजता आला असता.

आजोबांनी वाकून खाचेत बोट घातलं, वास घेतला. "वकीलसाहेब," (मी फार वाद घालते म्हणून ते मला असं म्हणतात) "या ग्रीसला गुलाबाचा वास का येतोय?"

मग एकेक करून सगळं बाहेर आलं. मेणबत्तीपर्यंत पोचलो तेव्हा आई हसायला लागली. हसता हसता तिला आठवलं की गाडी आत आहे आणि टेस्ट शुक्रवारी आहे. मग ती थांबली.

"बरं झालं," ती हळूच म्हणाली. "पुढची तारीख घेऊ. घाई काय आहे?"

हे 'बरं झालं' मला आवडलं नाही. मी त्या आवाजाला ओळखते. स्पर्धेच्या आधी माझं पोट दुखतं तेव्हा माझ्याही तोंडून तोच आवाज येतो. आई किल्ली घेऊन खुंटीकडे निघाली होती. मी वाटेत आडवी उभी राहिले आणि जाहीर केलं, "शुक्रवारच्या आत शटर उघडेल. ही जबाबदारी माझी."

बाबांना भिंतीला टेकून उभं केलेलं होतं. ते म्हणाले, "होऊ दे तिचं. मला तसंही खाली वाकता येत नाही आणि वर बघता येत नाही."

अशी मी प्रकल्पप्रमुख झाले.

प्रकल्पप्रमुखाने पहिला फोन लायसन्सच्या ऑफिसात केला. घसा साफ करून मी सुरुवात केली, "आदरणीय साहेब, एका अपरिहार्य परिस्थितीत आमची गाडी..."

"घरी मोठं कोणी आहे का?" पलीकडून आवाज आला.

हे वाक्य लक्षात ठेवा. या आठवड्यात मी ते इतक्यांदा ऐकलं की झोपेतही बडबडायला लागले असते. मी माझा आवाज खाली, पोटातून काढला (वक्तृत्वात शिकवतात) आणि म्हणाले, "बोला, मीच मोठी." तेव्हा कुठे माहिती मिळाली. टेस्टसाठी ज्या गाडीचा नंबर दिलाय तीच गाडी आणावी लागेल. नंबर बदलायचा तर नवीन तारीख. नवीन तारीख मिळेपर्यंत आईच्या शिकाऊ लायसन्सची मुदत संपणार. मुदत संपली की पुन्हा सगळं पहिल्यापासून: डोळे तपासा, खुणांची परीक्षा द्या, रांगा लावा.

"शटर अडकलंय हे कारण चालत नाही का?" मी विचारलं.

"बाई, इथे माणसं अडकलेली असतात," तो गृहस्थ म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

आईला मी हे सांगितलं. ती म्हणाली, "पहिल्यापासून मी काही करणार नाही बाई. झालं तेवढं पुष्कळ." आणि भाजी चिरायला बसली. म्हणजे आता सगळं त्या शटरवर होतं. शुक्रवारी गाडी निघाली नाही तर आई पुन्हा कधी गाडीत पुढे उजव्या दाराने बसणार नाही, हे मला भाजी चिरायच्या आवाजावरून कळत होतं.

दुसरा फोन शटरवाल्याला. त्याला 'घरी मोठं कोणी आहे का' असं विचारायचीही गरज वाटली नाही. तो थेट म्हणाला, "पोचतोच." शटरवाल्यांच्या भाषेत 'पोचतोच' या शब्दाचा येण्याशी संबंध नसावा. शाळेला निघताना फोन केला, "पोचतोच." संध्याकाळी केला, "तुमच्या कोपऱ्यावरच आहे." मी कोपऱ्यावर जाऊन आले. कोपऱ्यावर एक म्हैसही नव्हती, शटरवाला कुठला!

दरम्यान गॅरेजसमोर लोक जमायला लागले होते. अर्धवट उघड्या शटरमध्ये काय जादू असते कळत नाही. पूर्ण उघडं असलं तर कोणी ढुंकून बघत नाही, पूर्ण बंद असलं तरी नाही. तिरकं असलं की प्रत्येकजण थांबतो, मान तिरकी करतो आणि सल्ला देतो. एक काकू म्हणाल्या गरम पाणी ओता. त्यांचे यजमान म्हणाले गरम पाण्याने लोखंड फुगतं, बर्फ लावा. मग ती दोघं आपसातच भांडत घरी गेली, आणि मला वाटतं भांडण शटरचं नव्हतंच. गॅरंटीकाका जॅक घेऊन आले. त्यांनी तो शटरखाली लावून फिरवला. शटर वर गेलं नाही, जॅक जमिनीत गेला. "फरशीच कच्ची आहे," ते म्हणाले. "शटर वर जाईल याची गॅरंटी होती, फरशीची मी कधी दिली होती?"

आणि मग सेक्रेटरी आले.

आमच्या कॉलनीच्या समितीचे सेक्रेटरी हे फार शिस्तीचे गृहस्थ आहेत. सगळ्या गॅरेजची दारं एका ओळीत, एका रंगाची असावीत हे त्यांचं जीवितकार्य आहे. ते आमच्या तिरक्या शटरकडे असे बघत होते, जणू कोणी त्यांच्या कपाळावरच्या आठीकडे बोट दाखवलंय.

"घरी मोठं कोणी आहे का?"

"आहेत, पण ते वाकलेले आहेत," मी म्हणाले. "काय ते मला सांगा."

त्यांनी नाइलाजाने मला सांगितलं. शटर दुरुस्त करायला परवानगी लागत नाही. बदलायला लागते. परवानगी समितीच्या बैठकीत मिळते. बैठक पुढच्या महिन्यात. आणि नवीन दाराचा रंग मंजूर रंगच हवा.

"मंजूर रंग कोणता?"

"बदामी."

मी ओळीकडे बघितलं. एक दार पिवळट होतं, एक करडं, एक चक्क गुलाबीकडे झुकलेलं. "यातला बदामी कोणता?"

"सगळे बदामीच आहेत," ते ठामपणे म्हणाले. "ऊन लागून थोडे थकलेत. नमुना म्हणून माझं दार बघा." त्यांचं दार हिरवं होतं. ते त्यांनी मागच्याच आठवड्यात रंगवलं होतं आणि समितीच्या बैठकीत स्वतःच्या परवानगीसाठी ठेवलं होतं. मी याबद्दल काहीच बोलले नाही. कधी गप्प बसावं हेही वक्तृत्वात शिकवतात, जरी मी तो तास बुडवला होता.

शटरवाला मंगळवारीही कोपऱ्यावरच होता. तेव्हा आजोबांनी ठरवलं की आता नवीन दारच बघू, परवानगीचं मग बघू. माझी शाळा दुपारची. म्हणून बुधवारी सकाळी आम्ही सगळे रिक्षाने दारांच्या दुकानात गेलो. बाबांना रिक्षात बसवणं हा स्वतंत्र प्रकल्प होता. शेवटी ते आडवे, आमच्या मांड्यांवर, गुंडाळलेल्या सतरंजीसारखे आले.

दुकान म्हणजे नुसती दारंच दारं, ज्यांच्या मागे काही नाही. एक उघडलं तर पुढे भिंत. विक्रेत्याने टाय लावला होता. त्याने आधी बाबांना बघितलं, मग आजोबांना, आणि कोणाशी बोलावं ते न कळून शेवटी माझ्या डोक्यावरून बोलायला लागला. एक दार तुकड्या-तुकड्यांनी वर सरकून छताला चिकटून बसायचं. त्याला मोटर आणि रिमोट. मी तर त्या रिमोटच्या प्रेमातच पडले. सारखी दाबत होते, दार वर, दार खाली, शेवटी विक्रेत्याने हसत हसत पण घट्ट पकडून तो माझ्या हातातून काढून घेतला. बाबांना बाजूला सरकणारं दार आवडलं, कारण त्यात काही उचलावं लागत नाही. आजोबांना दोन झडपांचं लाकडी दार हवं होतं. "दार म्हणजे कसं, उघडताना माणसाने दोन्ही हात पसरले पाहिजेत."

"आजोबा, लाकडाला वाळवी लागते."

"वकीलसाहेब, तुमच्या रिमोटला काय लागतं? वीज. वीज गेली की आत बसा."

आमच्या घरात असे प्रश्न मतदानाने सुटतात. मतदान झालं. तीन मतं, तीन दारांना. मग सगळे आईकडे वळले. आई इतका वेळ एका दाराच्या मुठीवरून नुसता हात फिरवत होती.

तिने विक्रेत्याला विचारलं, "हे उघडतं ना?"

विक्रेता गडबडला. त्याला पोलादाची जाडी माहीत होती, रंगांच्या छटा पाठ होत्या, पण हा प्रश्न त्याला कोणी विचारला नसावा. "म्हणजे काय, मॅडम... उघडतंच."

"शुक्रवारच्या आत बसवून मिळेल?"

"शुक्रवार? मॅडम, माप घेऊन बनवायला टाकावं लागतं. पुढच्या महिन्यात मिळेल."

आईने मुठीवरून हात काढला. "चला घरी," ती म्हणाली. रिक्षात ती बाहेर बघत बसली. बाबा आमच्या मांड्यांवरून म्हणाले, "अगं, होईल काहीतरी." ती म्हणाली, "अहो, मी कुठे काय म्हणतेय?" ती काही म्हणत नव्हती, हेच तर वाईट होतं.

मी मनातल्या मनात एक भाषण तयार केलं, 'अपयश आणि आपण' या विषयावर. घरी येऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले आणि पहिलं वाक्य म्हणाले. आईने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, नुसतंच थकून. मी दुसरं वाक्य गिळलं आणि बाहेर गेले. एक जुनी सुरी, एक चिंधी आणि रॉकेलची बाटली घेतली, आणि खाचेतलं ते गुलाबी-काळं मळकट पीठ खरवडायला बसले. थोड्या वेळाने शेजारी कोणीतरी येऊन बसलं. आजोबा. त्यांच्याकडे चमचा होता. आम्ही काही बोललो नाही. पद्धतच आहे.

(शटर बाळगणाऱ्यांसाठी इथे एक गोष्ट सांगून ठेवते, निदान माझ्या त्या खरवडण्याचं चीज होईल. खाच आधी कोरड्या फडक्याने साफ करायची. मग पातळ तेल, अगदी थोडं. आणि घरातल्या एकाच माणसाने.)

गुरुवारी सकाळी, सगळ्यांनी आशा सोडल्यावर, शटरवाला प्रगट झाला. मोटरसायकलवरून न उतरताच त्याने विचारलं, "घरी मोठं कोणी आहे का?" मी उत्तर न देता शटरकडे बोट दाखवलं.

तो वर चढला, आत डोकावला आणि त्याने जोरात 'च्‌च्‌' केलं. "अरेरे! कुठल्या गाढवाने बसवलंय हे? स्प्रिंग बघा, उलटी. पाइप बघा, वाकडा. असल्या लोकांमुळे आमचा धंदा बदनाम होतो."

आजोबा खुर्चीतून शांतपणे म्हणाले, "तुम्हीच बसवलं होतं."

त्याने पाइपावर थाप मारली. मग म्हणाला, "पण काय मजबूत बसवलंय बघा. इतकी वर्षं टिकलं!"

खूप ठोकाठोक झाली. खाचा साफ असल्यामुळे पट्ट्या सरकल्या. शटर डावीकडे पार वर गेलं आणि उजवीकडे माझ्या डोक्याच्या जरा वर येऊन थांबलं. तिथे त्याने एक वासा टेकू म्हणून लावला. उजवीकडची खाच आतल्या बाजूला वाकली होती, ती तशीच राहिली. तो खाली उतरला, हात पुसले आणि म्हणाला, "स्प्रिंग तुटलीय. नवीन आणतो. तोवर वाशाला हात लावायचा नाही. गाडीने तर नाहीच नाही. वासा हलला तर सगळं खाली."

"पण गाडी निघेल ना?"

त्याने गाडी बघितली, फट बघितली. "आरसे मिटून निघेल," तो म्हणाला. "चालवणारा पक्का पाहिजे."

आणि "उद्या पोचतोच" म्हणून तो गेला.

आता सगळा घोळ तुमच्या लक्षात आला असेल. गाडी गॅरेजमध्ये तोंड आत करून उभी होती. म्हणजे ती रिव्हर्समध्येच काढायची. आजवर ती बाबांनी काढली होती. बाबांना पायात चप्पल घालता येत नव्हती. आजोबांकडे लायसन्स होतं, पण मान मागे वळत नव्हती. गॅरंटीकाका "मी काढून देतो, गॅरंटी," म्हणाले, आणि त्यांच्या मागे त्यांच्याच फाटकाच्या खांबाला त्यांच्याच गाडीने पाडलेला टवका स्पष्ट दिसत होता.

शुक्रवारी सकाळी आम्ही सगळे गॅरेजसमोर उभे होतो. कॉलनीतले निम्मे लोकही होते. सेक्रेटरी हातात छत्री घेऊन आले होते, जसं काही वरून शटरच कोसळणार होतं. आई साडी खोचून किल्ली हातात घेऊन उभी होती. ती त्या वाशाकडे बघत होती. पुन्हा एक खांब, आणि या वेळी त्याच्यावर अख्खं शटर.

"सूनबाई," आजोबा म्हणाले, "नको वाटत असेल तर नको."

मला वाटलं, आता बोलायलाच हवं. पण मी तोंड उघडलं आणि माझ्या लक्षात आलं की मला बोलण्यासारखं काहीच सुचत नाहीये. मी फक्त गॅरेजमध्ये गेले, डावीकडचा आरसा मिटला, वळसा घालून उजवीकडचाही मिटला, आणि बाहेर येऊन उभी राहिले.

आई आत जाऊन बसली. इंजिन सुरू झालं. आणि लगेच सगळे सुरू झाले.

"डावीकडे! डावीकडे कापा!"

"अहो, डावीकडे भिंत आहे, उजवीकडे!"

"येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या... थांबा!"

"अगं, क्लच!" बाबा तिरके होऊन, दोन्ही हातांनी वाहतूक पोलिसासारख्या खुणा करत होते, पण ते वाकलेले असल्यामुळे सगळ्या खुणा जमिनीला चालल्या होत्या.

गाडी वीतभर मागे आली आणि थांबली. इंजिन बंद झालं. संपलं, मला वाटलं. खिडकीची काच हळूहळू खाली आली. आईने डोकं बाहेर काढलं.

"सगळे गप्प बसा," ती म्हणाली. ओरडली नाही. साधं, शेजारी बसलेल्याला सांगावं तसं म्हणाली. "अहो, तुम्ही बाजूला व्हा. काका, तुम्ही गॅलरीत जा. ज्याला बोलायचंय त्याने घरी जाऊन बोलावं."

वक्तृत्वाच्या इतिहासात इतकं छोटं आणि इतकं परिणामकारक भाषण मी ऐकलेलं नाही. गॅरंटीकाका खरोखरच घरात गेले आणि गॅलरीत येऊन उभे राहिले. तोंडावर हात ठेवून.

गाडी पुन्हा सुरू झाली. मागे यायला लागली. डाव्या अंगाला भिंत, उजव्या अंगाला तो वासा, दोन्हीकडे हाताचा पंजा जेमतेम मावेल एवढी जागा. आई एकदा मागे बघायची, एकदा वाशाकडे, एकदा मागे. मधे एकदा ती थांबली, थोडी पुढे गेली, चाक सरळ केलं आणि पुन्हा मागे आली. आणि कोणी काही म्हणालं नाही, आणि वासा हलला नाही, आणि गाडीचं नाक त्या तिरक्या शटरखालून बाहेर आलं.

मी टाळ्या वाजवणार होते, पण आईने परवानगी दिली नव्हती, म्हणून नुसते दोन्ही आरसे उघडून दिले.

आजोबा शेजारच्या सीटवर जाऊन बसले. शिकाऊ माणसाबरोबर लायसन्सवालं कोणीतरी हवं असतं. "अट काय ते माहितीये ना?" आईने त्यांना विचारलं. आजोबांनी ओठांवर बोट ठेवलं.

टेस्टचं मला आजोबांकडूनच कळलं. आईला खांबांमधून रिव्हर्स घ्यायला सांगितलं, तेव्हा तिने तपासणीसाला विचारलं, "एवढी जागा?" त्याला वाटलं तिला कमी पडतेय. तो म्हणाला, "नियमाप्रमाणेच आहे." आई म्हणाली, "नाही, भरपूर आहे म्हणून विचारलं." पास. घरी येताना दोघांनी एक अक्षर काढलं नाही. हे सांगायला मात्र आजोबा गाडीतून उतरण्याआधीच सुरू झाले होते. केलेलं काम बोलून दाखवू नये हा नियम त्यांनी सुनेसाठी त्या दिवसापुरता मोडला. गॅलरीतून गॅरंटीकाका ओरडले, "मी गॅरंटी दिलीच होती!"

बाबांनी भिंत धरून दारापर्यंत येऊन विचारलं, "आता गाडी आत घ्यायची का?"

आई गाडीतच बसून होती. स्टिअरिंगवर दोन्ही हात. "तुम्ही सगळे जेवून घ्या," ती म्हणाली. "शटर आहे तेच ठेवू, स्प्रिंग नवीन घालून. आणि त्याला तेल मी घालत जाईन. मी एकटीच." मग तिने आरसे स्वतःच एकदा नीट केले, आणि एकटीच गेली. कोपऱ्यावरून वळली. खरोखरच्या कोपऱ्यावरून, शटरवाल्याच्या नव्हे.

ती बराच वेळ आली नाही. आम्ही जेवलो. बाबा दोनदा खिडकीशी गेले आणि मी तर काही खिडकीशी जात नाहीये असं दाखवत चारदा.

मी शाळेला निघता निघता शटरवाला आला. नवीन स्प्रिंग खांद्यावर. रिकाम्या गॅरेजकडे बघून त्याने वाशाला हात लावून पाहिला. वासा होता तिथेच होता. मग माझ्याकडे बघितलं.

"घरी मोठं कोणी आहे का?"

"आहे," मी म्हणाले. "पण ती गाडी घेऊन बाहेर गेलीय. ती येईपर्यंत शटर खाली घ्यायचं नाही."